सोपो

बाजारात सोपो गोळा करतो मी.
गुलाबी पावत्यांचं बुक, कानामागे पेन,
टोपलीमागे दहा रुपये.
पंचायतीचा शिक्का नेहमी अर्धाच उमटतो,
उरलेला लोक समजून घेतात.

रविवारी ग्रामसभा, शाळेच्या वर्गात.
मोठी माणसं लहान बाकांत,
गुडघे हनुवटीपाशी.
ठराव असा: सोपो दहाचा पंधरा,
दुकानांना विक्रीवर शेकडा एक,
सात वर्षं.
त्यातून नवी पाइपलाइन, आणि मलवाहिनी.
हा शब्द वाचताना सरपंच लविनाबाई जराशा अडखळल्या.
मागची पोरं हसली.
बाकी कुणी नाही.
वर कॉलनी झाल्यापासून
त्या शब्दाचा वास खालच्या वाड्याच्या विहिरींना येतो.

खुशालीबाब उठले, हातात जुना कागद.
मागच्या नळांचे पैसे कुठे गेले?
नळ आहे, माझ्या दारातच आहे,
त्यात मुंग्या राहतात,
घरपट्टी न भरता.
टाळ्या पडल्या. एक मीही वाजवली.

दुलबा गावडे बोललाच नाही.
पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली,
त्याच्या विहिरीचं पाणी:
दूध घालायच्या आधीचा चहा.

मग हात वर.
मोजायचं काम माझं.
बाकांमधून चाललो, ओठांत आकडे,
त्रेसष्ट, चौसष्ट,
आणि खिडकीच्या गजांतून आत आलेला एक हात,
बोटांना तारल्यांचे खवले.

पिएदाद, तू नदीपलीकडची.
तुझं नाव नाही इथल्या यादीत.
ठाऊक आहे, म्हणाली.
वीस वर्षं पैसे घेतोस माझ्याकडून,
तेव्हा कधी यादी पाहिलीस?
पहाटे पाचला येऊन बसते, दोनला उठते,
तोवर घोटभर पाणी पीत नाही.
प्यायले, तर जायचं कुठे, पात्रांव?

कुणीतरी खोकलं.
पंखा फिरत होता.
मी खिडकी सोडून पुढे मोजत गेलो,
पासष्ट, सहासष्ट.

बाजूने एक्क्याऐंशी, विरोधात चौपन्न.
तो हात धरला असता तरी पास,
नाही धरला तरी पास.
घरी येऊन जेवलो, आडवा झालो,
आणि अंधारात पुन्हा मोजायला लागलो.

सोमवारी माशांच्या रांगेत
तिने पंधरा पुढे केले.
अजून लागू नाही, म्हटलं, एप्रिलपासून.
पाचाची पावती छापून यायचीय.
घे रे, म्हणाली, लिही कुठेतरी.

दहाची पावती फाडली, पालथी केली,
मागे लिहिलं: पाच, पाण्याचे.
शिक्का मारला. अर्धा.
तिने पाहिलंही नाही, कमरेच्या पिशवीत कोंबली.
समोर गिऱ्हाईक होतं, ती तारले मोजत होती,
अठरा, एकोणीस, वीस,
आणि वर एक,
न मोजता.