साडेचार

पहाटे साडेचारला भिलवडीकडून पहिला टँकर येतो
आणि मी झाकण उघडून नाक आत घालते.
वास घेणं हेच माझं काम,
पगारपत्रकावर ‘गुणवत्ता सहायक’ लिहितात.
आंबूस, शेणकट, कांद्याच्या पातीचा, औषध टोचलेल्या म्हशीचा.
दहा हजार लिटर दूध मी एका श्वासात परत पाठवू शकते.

म्हणून मला सगळ्यांच्या आधी कळलं.
सगळे कुठले म्हणा, न्हाणीत एकटीच होते.

मेडिकलवाल्यानं गुलाबी बाटली
वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, वर काळी पिशवी,
जणू गावठी कट्टाच विकतोय.
बाटलीवर कमळ होतं.
दोन महिने मी स्वतःला धूत राहिले
आम्ही टाकी धुतो तशी: कॉस्टिक, पाणी, परत पाणी,
कशाचाच वास उरू नये तोवर.

मिरजेत, स्टेशनाजवळ, दुसऱ्या मजल्यावर
अर्जात दोनच चौकोन: कुमारी, सौभाग्यवती.
मी पेन टेकवलं नि उचललं.
काउंटरवरची बाई म्हणाली, ‘नाव तरी लिहा.’
स्वरूपा मगदूम. वय सव्वीस.

डॉक्टर मुल्लांनी कागदाची पट्टी उजेडात धरली.
पिवळी राहायला हवी होती, हिरवी झाली.
‘साडेचारच्या खाली हवं,’ त्या म्हणाल्या
आणि मला हसू फुटलं, त्या टेबलावर, पाय तसे असताना.
साडेचार! मॅडम, तिथं तर दही लागतं.
त्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘तेच की गं.
त्याच भावकीतले जीव. तूच धुऊन काढलंस त्यांना.’

दुसरा कागद आठ दिवसांनी आला.
त्यावर विषाणू: इंग्रजी तीन अक्षरं, पुढं आकडा,
एसटीच्या नंबरासारखा.
कुणाकडून, कधी, ते कागद सांगत नाही.
मला एक मोटारसायकल आठवली
सागरेश्वरच्या चढावर बंद पडलेली,
आणि तो, किक मारून मारून घामेजलेला, हसणारा.
त्याला तरी कुठं ठाऊक असणार.

विषाणू मला नवा नाही.
गेल्या उन्हाळ्यात तीन हजार लिटर दही लागलंच नव्हतं.
विरजणातल्या जिवांनाच विषाणू झाला होता.
साहेब रात्रभर टाकीभोवती फिरले,
आम्ही विरजण बदललं.
टाकीला कुणी नावं ठेवली नाहीत.

‘बहुतेकींचा जातो,’ डॉक्टर म्हणाल्या, ‘वर्ष-दोन वर्षांत, आपोआप.
आतलं आंबट टिकलं तर लवकर जात असावा, असं दिसतंय.
पण हे मी लिहून देणार नाही.
गोळ्या सात दिवस. बाटली फेकून दे.
वर्षानं ये. नक्की ये.’

घरी पोचले आणि पाळी आली.
आई परसातून ओरडली,
‘इरजाणाला शिवू नगंस चार दिस, फुटतंय.’

फुटतंय म्हणे.
रोज नऊ हजार लिटरला विरजण लावणारे हे हात,
महिन्याचे तीसही दिवस.

रात्री सगळे झोपल्यावर कोमट दूध,
करंगळी बुडवून बघितलं, चमचाभर कालचं दही,
पातेल्यावर ताटली, भोवती जुन्या लुगड्याचा धडपा.
हलवायचं नाही. उघडून बघायचं नाही.
अंधारात तिथंच बसले थोडा वेळ,
ओटीपोट दुखत होतं.

सकाळी चमचा उभा राहील असं दही.
सम्मेद दोन वाट्या खाऊन म्हणाला, ‘आई, आज जमलंय.’
आईनं माझ्याकडं बघितलं.
बोलली नाही काही. तिसरी वाटी स्वतःला वाढून घेतली.

वर्षानंतरची तारीख मी लिहून ठेवलीय.
लॅबच्या कॅलेंडरवर नाही, ते डिसेंबरात संपतं.
पट्ट्यांच्या डबीत, झाकणाच्या आतून, पेन्सिलीनं.
पहाटे डबी उघडते तेव्हा दिसते,
तेवढ्यात टँकर हॉर्न देतो.