शून्याकडचं टोक

टेपचं शून्याकडचं टोक माझ्या हातात,
आकडा पोतनीस सर वाचतात.
अकरा महिने असंच.

आज समा रोडच्या मागे, विश्वामित्रीपासून
दोन गल्ल्या आत. भिंतींना ताजा पिस्ता रंग.
सर बोटाच्या पेरानं टकटक करत गेले
(ही टकटक त्यांनीच शिकवली मला)
आणि पोकळ वाजलं तिथे थांबले नाहीत.

कपाटामागे रंग पोचला नव्हता.
मातकट रेघ, आडवी.
घरातला पोरगा रेघेखाली उभा राहून म्हणाला,
पाणी माझ्याहून उंच होतं.

सरांनी कपाट स्वतः परत ढकललं,
दुखऱ्या गुडघ्यानिशी.
रिक्षात म्हणाले, "बावन्न लाख लिही.
बँकेला तेवढेच हवेत."

माझ्या तासांच्या वहीत
प्रत्येक पानाखाली त्यांची सही लागते.

फॉर्मवर पुराचा रकाना आहे.
सर तिथे नेहमी रेघ मारतात, तीही आडवीच.
मला मोजता आलं नव्हतं;
टेपचं दुसरं टोक धरायला कोण होतं?
मी लिहिलं : अंदाजे माझ्या खांद्यापर्यंत.

वही पुढे केली, पेनसकट.
फतेहगंजचा सिग्नल सुटला.
पेन त्यांच्या हातात आहे,
टोपण अजून लावलेलं.