हिरवा खण

वेदीमागच्या खोलीत रुंद कपाट,
खणांत वर्षभराची वेदीवस्त्रं.
किल्ली एनिड ॲल्डरसनच्या एप्रनला.

यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात मी नवी पाद्रीबाई, पुस्तकी.
वर्ष हाताळायला तिने शिकवलं.
जांभळा नाताळाआधी, आणि पुन्हा लेंटमध्ये :
"वाट पाहणं आणि पस्तावणं, एकाच ताग्यातलं."
पांढरा ईस्टरचा,
त्यावरचं मेण खाकी कागद ठेवून इस्त्रीने उतरवायचं.
लाल वर्षातून दोन-चारदाच,
त्यातल्या ज्वाळा अजून कोऱ्या करकरीत.

गेल्या सालचे झावळीचे क्रूस
ती बिस्किटांच्या डब्यात जाळायची.
त्याच राखेचं बोट मग आमच्या कपाळांवर,
बाहेर मेंढ्यांच्या पाठीवर बर्फ.

आणि हिरवा?
"साध्या दिवसांचा. जूनपासून थेट नोव्हेंबर.
ह्यात काही घडत नाही."
कडा इतक्यांदा रफू केलेल्या
की मूळ धागा कुठला, तिलाही सांगता येईना.

रूबेन गेला जानेवारीत.
चुन्यावाचून दगडी बांध रचायचा तो,
चर्चमध्ये मागच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर.
मी विचारलं, पांढरा की जांभळा?
पूर्वीचा काळाही होता, तळाशी, डांबरगोळ्यांत.

ती खण उघडत गेली, लोटत गेली.
मग हिरवा काढला.

नियमात बसत नव्हतं.
नियम तिनेच तर शिकवलेला.

"त्रेपन्न वर्षं," ती म्हणाली,
"ह्यातच राहिलो आम्ही."

मी दुसरं टोक धरलं.