पन्नास हर्ट्झ

वडगावात, गल्लीच्या टोकाला, मागांच्या शेडमागं
रवळू मुतगेकरांची रेकॉर्डिंगची खोली.
खोली कसली, सुताच्या बाचक्यांचं गोदाम,
भिंतींना गोणपाट, दाराला जाजम.
भिंतीतून खट्याक-खट्याक यायचं, तारेतून हूंऽऽ.
खट्याकचं मास्तरांना काही नव्हतं.
हूं मात्र वैरी.

त्याच्यासाठी त्यांनी परसात खड्डा खणला,
तांब्याचा पत्रा पुरला, मीठ घातलं, कोळसा घातला,
उन्हाळ्यात रेकॉर्डिंगआधी वर दोन घागरी पाणी.
शेजारीण विचारायची, काय लावलाय ओ तिथं?
वायर, म्हणायचे.
हूं कमी झाला.
गेला नाही.

आता मी टिळकवाडीत, पहिल्या रेल्वे गेटपाशी, दुसऱ्या मजल्यावर.
स्क्रीनवर त्यांच्यासारखीच पेटी आहे:
करडा रंग, उडालेले टवके,
स्क्रूंवर गंजसुद्धा रंगवलाय कुणीतरी मन लावून.
खाली कोपऱ्यात एक बटण: हम.
पन्नास की साठ, निवडा.
त्याचे मी पैसे भरलेत. हप्त्यानं.

संकेश्वरच्या महांतेशनं ट्रॅक पाठवलेत.
जुन्या कॅसेटसारखं कर अण्णा, ऊबदार,
टाळ स्वल्प कमी,
उद्या सकाळी हवंय.
मास्तरांच्या खऱ्या पेटीला तापायलाच पाऊण तास लागतो.
ती माझ्या मागं फळीवर आहे,
बटणांवर मालूकाकूंच्या नेलपॉलिशच्या खुणा,
सोबत वही: डावं साडेतीन, उजवं चार, हवा दमट.
तसंच्या तसं लावलं तरी
ती काल बोललेलं आज बोलत नाही.
इथं मी फाईल उघडतो,
आणि परवाचा आवाज परवासारखा उभा राहतो,
झोप झालेल्या माणसासारखा.
खोटं का बोलू, मला हे आवडतं.

मास्तर रविवारी जिना चढून आले.
वरच्या पट्टीतलं आता त्यांना ऐकू येत नाही,
कुकरची शिट्टी काकू हातानं सांगतात.
मी म्हटलं, डोळे मिटा. दोन ऐकवतो.
एक, महांतेशचं, बटण लावून.
दुसरं त्यांचंच जुनं, निंगव्वा होसूरकरांचं भजन,
एक कडवं कानडी, एक मराठी.
ओळखा, यंत्र कुठलं आणि पेटी कुठली?

आवाजावर ते काहीच बोलले नाहीत.
पहिलं संपल्यावर म्हणाले,
हे थांबतच नाही की रे.
काय?
हूं.

मग दुसरं पुन्हा लावायला लावलं.
तिसऱ्या कडव्यापाशी बोट वर केलं:
हा बाळेशचा माग. बंद.
हा पाच्छापुऱ्यांचा.
हे दोन एकदम, भावाभावांचे.
निंगव्वाचा आवाज भिंतीपलीकडं गेला होता त्या दुपारी,
आणि विणकर एकेक खटका पाडून
खिडकीशी येऊन उभे राहिले होते,
हातातली कांडी तशीच.
माग थांबले तसा व्होल्टेज चढला,
स्पूल केसभर जोरात फिरला,
म्हणून टेपवर शेवटचं कडवं
केसभर खाली बसलंय.
लोकांना वाटतं, बाई दमली.

चहा पिऊन ते गेले. जिन्यात म्हणाले,
तुझं पण चांगलंय. स्वच्छ.

रात्री मी माऊस धरला.
तिसऱ्या कडव्यापासून हम खाली ओढला,
सरळ रेघेत नाही,
थोडा. थांबून, अजून थोडा.
मग दोन एकदम.

सकाळी महांतेशचा मेसेज:
अण्णा, एंडला हम गेलाय, राहिलं काय लावायचं?

टाळ कमी केलेत, मी लिहिलं.