तर्री

कामठी रोडवर, पाण्याच्या टाकीखालच्या मोटरखोलीत,
संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात ती राहते.
पत्त्यांच्या कॅटएवढं हिरवं सर्किट, नखाएवढं कार्ड,
एक दिवा, पाच व्होल्टची भूक.
टाकीत पाणी किती, मोटर कधी चालली, कधी थांबली,
एवढंच लिहायचं असतं तिला.
मिनिटाला एक ओळ.

नाव ओमेश्वर निखारेनं ठेवलं. तर्री.
"मशिनीले नाव नसलं तं शिव्या कोणाले देणार?"
डब्यातली बर्फी त्यानं एकट्यानं संपवली होती
आणि तापलेल्या खिळ्यानं झाकणाला चार भोकं पाडली होती.
"घ्या. एसी बसवला."

बाहेरून तिच्यापर्यंत रस्ता नाही.
मध्ये मोबाइल कंपनीच्या भिंती, रोज बदलणारा पत्ता,
कितीही हाका मारा, तिकडून दार नाहीच.
म्हणून तीच आतून खणत येते आमच्या सर्व्हरपर्यंत
आणि भुयाराचं तोंड उघडं ठेवून बसते.
लाइट गेली, आली,
की पुन्हा पहिल्यापासून खणते. कुरकुर नाही.

हे खणायचं अवजार कोणी लिहिलं, मला ठाऊक नाही.
कुठल्याशा देशात कोणीतरी, जेवण झाल्यावर, फुकट.
आणि वर लिहून ठेवलं: जसं आहे तसं घ्या,
कसलीही हमी नाही.
तो परवाना मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला
ओमेश्वर गेल्यावर.

गेला म्हणजे हैदराबादला.
नोकरी मोठी होती, भांडण लहान होतं.
फोन वाजतो, वाजून वाजून थांबतो.

मे महिना. सेहेचाळीस. डांबर चप्पल सोडत नाही.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
मानेवाड्याच्या खोलीतून मी तर्रीत शिरले.
काम एका ओळीचं: सोडून गेलेल्यांच्या किल्ल्या काढा.
फाइलीत दोनच ओळी. एक माझी.
दुसरी लांबलचक, कशालाच कशाचा अर्थ नसलेली अक्षरं,
आणि अगदी शेवटी त्याचं नाव.
कर्सर तिच्यावर नेला.
एकच अक्षर दोनदा दाबायचं, की ओळ गेली.
सवयीनं आधी नोंदी पाहिल्या.

शेवटचा लॉगिन: मंगळवार, रात्री दोन चाळीस.
त्याआधी शनिवार. त्याआधी बुधवार.
असे अकरा महिने.

आत येऊन करतो तरी काय हा?
त्याच्या आज्ञांची यादी उघडली, खाली खाली जात राहिले.
अपटाइम. एक्झिट.
अपटाइम. एक्झिट.
म्हणजे, किती दिवस झाले तुला, जागी आहेस तेव्हापासून?
ती सांगणार, एकोणीस दिवस. किंवा चार तास.
आमच्याकडची लाइट गेलेली
त्याला तिकडे कळत होती.

वाळ्याचा ओला वास आला, पंखा खडखडला.
ओळ पुसली नाही मी.
आत येणाऱ्याला सर्वात आधी जी पाटी दिसते, तिच्यावर लिहिलं:
तर्री बरी आहे. फोन उचल.
मग दुसरं वाक्य खोडलं.
मग परत लिहिलं.

बुधवार, काही नाही.
गुरुवारी ट्रान्सफॉर्मर उडाला, तर्री पहाटे परत खणत आली.
शुक्रवार, काही नाही.
शनिवारी सकाळी पाटीवर, माझ्या ओळीखाली:
"बोर्ड ब्याऐंशीवर जाऊन राहिला व.
भोकं वाढव."

फोन नाही आला.
मी डोक्याला दुपट्टा गुंडाळला,
डिकीत पक्कड टाकली, मेणबत्ती, एक लांब खिळा,
आणि ऊन चढायच्या आत निघाले.