निळा दिवा

कंपनीच्या पांढऱ्या गाडीतून उतरलं ते,
धान पोटरीत होता तेव्हा.
चाळीस लिटरचं, झाकणाला काच,
बेंबीच्या जागी एक दिवा.
पंचफुलाबाई नेवारेंनी आधी त्याला हळदकुंकू लावलं,
मग मला विचारलं,
"मास्तर, हे पेटवाचं कुठून?"

पेटवायचं मोबाइलवरून.
मोबाइल त्याच्याशी बोलणार वाय-फायवरून,
आणि वाय-फाय मुख्याध्यापकांच्या खोलीत:
दोन भिंती, एक व्हरांडा
आणि एका लोखंडी कपाटाच्या पलीकडे.

दिवा लाल लुकलुकला, म्हणजे शोधतंय.
निळा लुकलुकला, म्हणजे सापडलं, ओळख पटली नाही.
निळा स्थिर, म्हणजे झालं.
आमचा लाल.

पासवर्ड डोंगरवार सरांनी ठेवलेला,
त्यांची बदली झालेली अर्जुनीला.
फोनवर म्हणाले, शाळेचं नाव, पहिलं अक्षर मोठं,
पुढे माझ्या लग्नाची तारीख.
तारीख त्यांनी बायकोला हाक मारून विचारली.
आतून आधी भांड्यांचा आवाज आला,
मग तारीख.

साडेदहा. लाल.

मदत-क्रमांकावरची मुलगी फार गोड बोलायची.
राउटरच्या दोन लहरी असतात सर,
एक जलद, पण जवळच्यापुरती,
एक हळू, पण लांब जाणारी.
तुमच्या उपकरणाला फक्त हळू कळते.
"मंग आपल्याच गावचं हाये म्हना,"
पंचफुलाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या.

बंद करा, दहा मोजा, सुरू करा.
आता बटण दाबून धरा, पाच सेकंद.
तिसरीचा वर्ग खिडकीला लोंबकळून मोजू लागला,
पाचला थांबेना,
बावीसपर्यंत गेला,
तेवीसवर दोघांचं भांडण झालं.

मी राउटर खिडकीत ठेवला.
स्टुलावर ठेवला.
स्टूल टेबलावर ठेवून त्यावर ठेवला.
दिवा एकदा निळा लुकलुकला, आम्ही श्वास धरला,
पुन्हा लाल.

तेव्हाच कधीतरी मागच्या छपरीतून
तुराट्यांचा धूर यायला लागला.
कोणी काही बोललं नव्हतं.
तीन विटा, काळं पातेलं, फुंकणी.
फोडणीत मोहरी तडतडली
आणि खिडकीतला वर्ग एकाएकी रिकामा झाला.

कपाट! मला सुचलं.
सातवीचे दोघे घेतले, उईके आणि त्याचा मावसभाऊ,
कपाट इंच इंच सरकवलं.
मागे पालीची अंडी, पोलिओचा तक्ता,
कुणाची तरी अर्धी पाटी,
आणि घंटेचा लाकडी हातोडा,
जो हरवल्याची नोंद सहा वर्षांपूर्वीची आहे
आणि ज्याच्याजागी आम्ही ट्रॅक्टरचा बोल्ट वापरतो.

उईकेनं तो उचलला, पळत गेला,
आणि कुणालाही न विचारता घंटा दिली.

काय आवाज होता तो.
बोल्टाचा टणटणाट ऐकून ऐकून
आम्ही विसरलोच होतो की आपली घंटा पितळेची आहे.
ओट्यावर पंगत बसली.
मीही बसलो, हाताला कपाटाची धूळ तशीच.
खिचडी खाली जरा करपली होती,
मला तशीच आवडते.

दोन वाजून दहा मिनिटांनी
रिकाम्या स्वयंपाकखोलीत, कोणी बघत नसताना,
दिवा निळा झाला. स्थिर.
माझ्या मोबाइलवर लगेच अहवाल आला:
शिजवलेले धान्य शून्य. जेवलेली मुले शून्य.
मी एकसष्ट टाकायला गेलो,
तर वेळ संपली म्हणालं, उद्या प्रयत्न करा.

मी वहीत लिहिलं. शाईच्या पेनानं, जरा दाबून.

कुलूप लावायला गेलो तर
पंचफुलाबाईंनी राखेनं घासलेल्या ताटल्या
त्याच्यावर पालथ्या घातल्या होत्या, एकावर एक,
आणि सगळ्यात खालच्या ताटलीच्या काठाखालून
तेवढा तो निळा उजेड.
"झाकन सपाट हाये," त्या म्हणाल्या,
"पानी बरं निथळते."