शंभराच्या अलीकडे

जुलैतला मंगळवार, सकाळचे साडेसात.
ग्रिम्सबीच्या गोदीकडून माशांचा वास येतोय,
शाळेच्या ऑफिसात प्रिंटर तापलाय.
शंभर म्हणजे अपेक्षित पातळी.
रीस सत्त्याण्णव. माटास ब्याण्णव.
मिसेस थॉर्नडाइक दोघांच्या नावापुढे
लाल ठिपका देतात. रागानं नव्हे,
त्यांनाही वर कुणाला तरी तोंड द्यायचंय.

माटास लिथुआनियाहून आला तेव्हा
त्याच्यापाशी तीन शब्द होते:
सॉरी, टॉयलेट, नो.
मी त्याला रीसशेजारी बसवलं,
ज्याच्या तोंडाला कुलूप घाला म्हणून
सगळी स्टाफरूम माझ्या मागे लागलेली.
फोनवर सांगितलं तर सांगलीहून बाबा हसले,
म्हणाले, ढवळ्याशेजारी पवळ्या!

नोव्हेंबरात, गणिताच्या तासाला,
रीस गप्प होता.
चार मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं.
माटास भिंतीवरच्या नकाशात आपलं गाव शोधत होता
आणि रीस
त्याचं बोट कुठं थांबतंय याची वाट बघत होता.

मार्चमध्ये क्लीथॉर्प्सला सहल.
ओहोटीनं समुद्र असा लांब गेलेला
की होता की नव्हता असं वाटावं.
माटासचं पहिलं अख्खं वाक्य तिथं ऐकलं:
मिस, तो परत आला नाही तर?
येतो, रीस म्हणाला. माझा आजोबा बोटीवर होता. येतोच.
मग दोघं चिखलात काठी रोवून बसले,
सँडविच पिशवीतच,
पाणी काठीपाशी येईपर्यंत.
बस अकरा मिनिटं उशिरा सुटली.
त्याचा लेखी खुलासा मी दिलाय, फायलीत असेल.

मे महिन्यातल्या पेपरात समुद्र नव्हता.
उतारा होता एका घुबडावर.

दुपारी रिपोर्ट लिहायला बसते.
चौकटीत चारशे अक्षरं मावतात, मोकळ्या जागा धरून.
माझ्या भाषेत मार्कांना गुण म्हणतात,
अंगी असतो तोही गुण,
औषध लागू पडलं तर गुण आला म्हणतात.
मिसेस थॉर्नडाइकना हे कसं सांगू?
त्यांच्याकडे तिघं तीन घरी राहतात,
एकमेकांना ओळखही देत नाहीत.

खिडकीखाली माटास
पहिलीतल्या एका नव्या, रडवेल्या पोरीला
पाण्याचा नळ कसा दाबायचा ते दाखवतोय.
जोरात नको, म्हणतोय, थेट ग्रिम्सबीच्या हेलात.
रीस बाजूला उभा आहे, तिचा डबा धरून,
काही न बोलता.

मी खोडते. पुन्हा टाइप करते.
एकशे बारा अक्षरं उरलीत.